मदत हवी आहे: घराजवळ २४ तास स्लॉट मशीनचं दुकान येतंय, कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) हरकत कशी घ्यायची? (यूके)

मृण्मयी_एल:
नमस्कार मंडळी, यूकेत राहणाऱ्यांकडून जरा तातडीने मदत हवी आहे.

आम्ही लंडनच्या वायव्य भागात राहतो. आमच्या हाय स्ट्रीटवर एका बँकेची शाखा होती, ती बंद पडली आणि आता तिच्या काचेवर आतून एक ए-फोर कागद चिकटवलाय, एकदम बारीक अक्षरात, की गॅम्बलिंग ॲक्ट २००५ खाली इथे ‘ॲडल्ट गेमिंग सेंटर’साठी, म्हणजे पैसे लावून खेळायच्या स्लॉट मशीनच्या दुकानासाठी, लायसन्सचा अर्ज केलाय, आणि शेवटी हरकत पाठवायची तारीख. बसची वाट बघत उभी होते म्हणून दिसला, नाहीतर कोण वाकून वाचणारे. बसस्टॉप अगदी समोर आहे, दुपारी साडेतीननंतर तिथे शाळेची पोरं गर्दी करून असतात, आणि मागच्या गल्लीत चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी फूड बँक (गरजूंना फुकट किराणा) भरते, त्याची रांग या बंद बँकेच्या दारापर्यंत येते. आधीच इथे दोन बेटिंग शॉप्स आणि एक स्लॉटवालं दुकान आहे!

मला एवढं का लागलंय ते सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, मूळचे सांगलीकडचे, बस डेपोतून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटेच असतात. पूर्वी लायब्ररीत पेपर वाचायला जायचे, आता त्या स्लॉटच्या दुकानात जातात. एकदा त्यांचं औषधाचं पार्सल आलं होतं, सही हवी होती म्हणून मी त्यांना बोलवायला आत गेले. आत छान ऊब, मऊ खुर्च्या, फुकट चहा आणि बिस्किटं, आणि तिथली मुलगी त्यांना नावाने हाक मारून विचारतेय की नेहमीचाच चहा ना, साखर कमी? काचांवर सगळीकडे रंगीत स्टिकर त्यामुळे बाहेर उजेड आहे की अंधार ते कळत नाही. काका म्हणाले, अगं घरी हीटिंग लावायचं म्हणजे बिल येतं, इथे चार माणसं तरी दिसतात. पण पेन्शन जमा झाली की आठवडाभरात संपते आणि मग दूध-ब्रेड आमच्याकडून नेतात, तेही मान खाली घालून. मला त्यांचा राग येत नाही हो, जीव तुटतो. आणि आता तसंच दुसरं, तेही रात्रभर उघडं.

तर प्रश्न असे की हरकत कोणीही घेऊ शकतं का, त्यात काय लिहायचं असतं, सह्यांचा अर्ज केला तर चालेल का, आणि काकांसाठी वेगळं काही करता येतं का. शेवटच्या तारखेला फार दिवस उरलेले नाहीत. प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पेठेतला_पक्या:
ताई, कौन्सिलने सरळ नाही म्हणावं ना, विषय संपला. आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, मटका चालतो तो लपूनछपून. तिकडे राजरोस बँकेच्या जागेत?

लायसन्सवाला:
मी मिडलंड्समधल्या एका कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पक्याभाऊ, तिथेच तर गोची आहे. इथे जुगार कायदेशीर धंदा आहे आणि कायद्याचं कलम १५३ कौन्सिलला सांगतं की नियमांत बसत असेल तर परवानगी देण्याकडेच कल ठेवा. पूर्वी मॅजिस्ट्रेट विचारायचे की इथे आणखी एका दुकानाची गरज आहे का, ती मागणीची अट या कायद्याने काढून टाकली, कायदा पूर्ण लागू झाला सप्टेंबर २००७ मध्ये. त्यामुळे ‘आधीच तीन आहेत, चौथं कशाला’ एवढंच लिहिलंत तर त्याला वजन नाही. कॅसिनो आमच्या हद्दीत नकोच असा ठराव कौन्सिल करू शकते, पण बेटिंग शॉप किंवा स्लॉटच्या दुकानांबाबत तसा सरसकट अधिकार नाही, प्रत्येक अर्ज त्याच्या त्याच्या गुणदोषांवर बघायचा. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे, लंडनमधल्या ब्रेंट कौन्सिलच्या पुढाकाराने बऱ्याच कौन्सिलांनी मिळून २०२५ मध्ये सरकारकडे हीच मागणी लावून धरली होती.

आता मृण्मयीताई तुमचं. हरकत ‘इंटरेस्टेड पार्टी’ घेऊ शकते, म्हणजे जी व्यक्ती पुरेशी जवळ राहते किंवा जिचा तिथे धंदा आहे, किंवा अशा लोकांच्या वतीने बोलणारं कोणी, त्यात तुमचे कौन्सिलर आणि खासदारही आले. कौन्सिलरला आजच ईमेल करा. मुदत अर्ज केल्या दिवसापासून २८ दिवसांची असते. नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो सहसा अर्जदारालाही कळतो, हे आधीच माहीत असू द्या.

मजकुरात तीनच मुद्दे चालतात: गुन्हेगारी आणि गोंधळ, जुगार सचोटीने आणि उघडपणे चालणं, आणि तिसरा म्हणजे लहान मुलं व असुरक्षित माणसांचं नुकसान आणि पिळवणूक होऊ नये. तुमची केस तिसऱ्यात आहे, थोडी पहिल्यात. जुगार वाईट असतो, आमच्या संस्कृतीत बसत नाही, घरांच्या किमती पडतील, पार्किंग मिळणार नाही, हे सगळं बाजूला काढतात. नुसता रात्रीचा त्रास हा मुद्दाही दारूच्या लायसन्सला चालतो, जुगाराच्या नाही. पण रात्री दाराशी भांडणं होतात, पोलिसांना बोलवावं लागतं असं असेल तर ते पहिल्या मुद्द्यात बसतं.

सह्यांचा कागद चालतो पण तीनशे सह्यांपेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पत्रं जास्त कामाला येतात. तुम्ही जे वर लिहिलंय ना, फूड बँकेची रांग दारापर्यंत येते, साडेतीनला पोरं तिथे उभी असतात, हेच लिहा, वार आणि वेळेसकट, फोटो काढलात तर उत्तम (पोरांचे चेहरे नकोत). शिवाय दोन कागद मागवून घ्या. एक, कौन्सिलचं गॅम्बलिंग धोरण, ते दर तीन वर्षांनी नवीन करावं लागतं, त्यात किंवा त्याच्यासोबत बऱ्याच ठिकाणी ‘लोकल एरिया प्रोफाइल’ असतं, कुठल्या भागात कर्जबाजारी, बेघर, व्यसनमुक्ती केंद्रात येणारे लोक जास्त आहेत त्याचा नकाशा. वेस्टमिन्स्टर आणि मँचेस्टरसाठी असे नकाशे फार बारकाईने केले गेलेत. दोन, अर्जदाराची ‘रिस्क असेसमेंट’, म्हणजे या जागी कोणाला काय धोका आहे आणि तो कसा टाळणार याचा कागद, ती २०१६ पासून सक्तीची आहे. मी अशा कितीतरी वाचल्यात, दुसऱ्या शहरातली तशीच्या तशी उचललेली असते, जवळची शाळा किंवा फूड बँक यांचा पत्ताच नसतो. तिथे बोट ठेवा. अर्जावर निर्णय घेणाऱ्या कमिटीतले कौन्सिलर त्यावरच प्रश्न विचारतात.

अवनीची_आई:
मृण्मयी, काकांबद्दल वाचून गलबलून आलं गं. माझा सख्खा भाऊ यातून गेलाय म्हणून लिहिते.

सेल्फ-एक्स्क्लूजन म्हणजे ‘मला आत घेऊ नका’ असं स्वतः लिहून देणं, कमीत कमी सहा महिन्यांसाठी. ते काकांनाच करावं लागेल, तू किंवा मी त्यांच्या वतीने नाही करू शकत. आणि एक लक्षात ठेव, बेटिंग शॉप्सची योजना वेगळी, स्लॉटवाल्या दुकानांची वेगळी आणि ऑनलाइनसाठी गॅमस्टॉप वेगळं, एक केलं की सगळं बंद असं होत नाही, भावाच्या वेळी आम्हाला हेच कोणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असतो, कार्डाने खेळत असतील तर तोही लावायला मदत कर, पण बहुतेक ते कॅश काढून खेळत असणार. मग पेन्शनच्याच दिवशी घरभाडं आणि गॅस-वीज बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल असं लावून द्यायचं त्यांना सुचव, तेवढं तरी वाचतं.

गॅमकेअर या जुगाराच्या व्यसनात मदत करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र, फुकट, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी फोन केला तरी बोलतात. एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवा) जुगारासाठी खास क्लिनिक्स आहेत, तिथे स्वतःहून नाव देता येतं. पण सगळ्यात आधी त्यांना दुपारी चहाला घरी बोलव. त्यांनी तुला सांगितलंय ना की चार माणसं दिसतात म्हणून जातो. भावाचंही तेच होतं, पैशाची हाव नंतर आली, आधी एकटेपणा होता. उपदेश एक अक्षर नको.

मृण्मयी_एल:
अवनीची आई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काकांशी आज बोलते, उपदेश अजिबात नाही करणार. लायसन्सवाला दादा, दोन शंका. हरकतीत काकांबद्दल लिहू का, कारण तेच तर खरं उदाहरण आहे. आणि समजा परवानगी मिळालीच तर मग सगळं हातातून गेलं का?

लायसन्सवाला:
काकांचं नाव, वय, मजला काहीही नको. तुमचं पत्र कमिटीच्या कागदांत जोडलं जातं आणि ते कागद कोणीही वाचू शकतं. ‘माझ्या परिचयातले एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ अशा दुकानात ऊब आणि सोबतीसाठी जातात आणि पेन्शन गमावतात’ एवढं पुरे, आणि तेही काकांना विचारून.

हातातून जात नाही. नकार मिळवणं अवघड आहे हे खरं, अर्जदार २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करू शकतो आणि त्याच्याकडे वकील तगडे असतात, कौन्सिलला खर्चाची धास्ती असते. म्हणून पत्रात दोन पायऱ्या ठेवा: आधी नकार मागा, आणि देणारच असाल तर या अटी घाला. वेळ ही सगळ्यात महत्त्वाची अट. बेटिंग शॉपला कायद्यानेच सहसा रात्री १० ते सकाळी ७ बंद ठेवायची अट असते, ॲडल्ट गेमिंग सेंटरला तशी नाही, म्हणूनच ही दुकानं २४ तास चालतात. तेव्हा रात्री ११ ला बंद अशी मागणी करा. रात्री एकटा कर्मचारी नको, दारावर माणूस हवा, २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, आणि दर थोड्या वेळाने ग्राहकांशी बोलून नोंद ठेवायची. एटीएम असलं तर मशीनवरून उठून जावं लागेल अशाच जागी असावं, ही अट कायद्यातच आहे, पण अर्जासोबतच्या दुकानाच्या नकाशात तपासा. २०१९ च्या एप्रिलमध्ये बेटिंग शॉपमधल्या जुगाराच्या मोठ्या मशीन्सवर एका खेळाला लावायच्या पैशांची मर्यादा १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली, चांगलंच झालं, पण दोन पौंडांचा एक खेळ काही सेकंदांत संपतो, रात्रभरात किती होतात ते तुम्हीच बघा.

दुकान सुरू झाल्यावर अटी मोडल्या, किंवा कोणाचं नुकसान होताना दिसलं, तर लायसन्सचा रिव्ह्यू (फेरतपासणी) मागायचा अधिकार तुम्हा शेजाऱ्यांनाही आहे. म्हणून तारखांसकट वही ठेवा.

आणखी एक, प्लॅनिंगचं (जागेच्या वापराची परवानगी देणारं) खातं वेगळं. बँकेची जागा गेमिंग सेंटर करायला प्लॅनिंगची परवानगी स्वतंत्र लागते आणि लायसन्सिंगवाले ती बाब विचारात घेऊ शकत नाहीत. कौन्सिलच्या साइटवर त्या पत्त्याने शोधा, प्लॅनिंगचा अर्ज असेल तर तिथे दुसरी हरकत टाका, तिथे रात्रीचा आवाज, वर राहणारी कुटुंबं, एकाच रस्त्यावर झालेली गर्दी हे मुद्दे चालतात.

पत्राचा मसुदा इथे टाका, नावं काढून, मी बघून देतो. आणि ईमेल पाठवल्यावर मिळाल्याचं उत्तर आलं नाही तर दुसऱ्याच दिवशी फोन करा, शेवटच्या तारखेनंतर पोचलेली हरकत धरत नाहीत.