मदत हवी आहे: लाकडी घाण्याच्या तेलाच्या संकेतस्थळासाठी मजकूर कोणत्या शैलीत लिहावा?

नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यात आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई आणि तीळ अशी तीन तेले आम्ही काढतो. आतापर्यंतची बहुतेक विक्री दुकानातून आणि फोनवरून होत आली. आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी संकेतस्थळ तयार होत आहे. मांडणी, छायाचित्रे, पैसे भरण्याची सोय हे सारे झाले असून काम मजकुरापाशी अडले आहे.

मजकूर आम्ही एका जाहिरात संस्थेकडून लिहून घेतला होता. त्याची पहिलीच ओळ अशी: 'निसर्गाचा शुद्ध स्पर्श, निरोगी हृदयाचे वचन.' 'तेल' हा शब्द थेट चौथ्या ओळीत येतो, ते एक असो. खरी अडचण अशी की, अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दावे यांविषयी एफएसएसएआयचे (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम आहेत आणि 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' यांसारखे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी त्यांत घातलेल्या आहेत. तेलाने अमुक रोग बरा होतो असे तर लिहिताच येत नाही. त्यामुळे त्या मजकुरातला निम्मा भाग, कानाला कितीही गोड लागला तरी, आम्हाला गाळावा लागेल.

याउलट वडिलांची दुकानातली पद्धत. "रिफाइंडच्या दुप्पट भाव कसा काय?" असे कोणी विचारले की ते म्हणतात, "अडीच किलो दाणे घातले की लिटरभर तेल निघतं. दाण्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातनं पेंडीचे पैसे वजा करा आणि तुम्हीच सांगा की." गिऱ्हाईक क्षणभर हिशेब करते आणि बहुधा किटली पुढे करते. बाटलीच्या तळाशी गाळ दिसल्याची तक्रार आली, तर तेल तीन-चार दिवस टाकीत निवळू देतो, वरचे तेवढे गाळून भरतो, रिफायनरीसारखी प्रक्रिया करत नाही, म्हणून थोडा गाळ राहतो, एवढेच ते सांगतात.

हेच सारे लिहून काढले, तर ९०० शब्द झाले. मोबाईलवर एवढे कोणी वाचणार नाही, असे चुलतभावाचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. पण कापायला बसले की नेमका हिशेबच गळतो आणि उरतात ती विशेषणे.

माझा विचार असा आहे की, मुखपृष्ठावर वडिलांचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे ठेवावे आणि प्रत्येक तेलाच्या पानावर साधी, प्रमाण मराठी वापरावी. एकाच संकेतस्थळावर अशा दोन भाषा विसंगत वाटतील का? शिवाय १५ किलोचे डबे नेणारे केटरर आणि खानावळवाले यांना फक्त भाव आणि पोहोचण्याचे दिवस हवे असतात. त्यांच्यासाठी वेगळे, कोरडे पान करावे का? इंग्रजी पाने भाषांतर करून घ्यावीत की नव्याने लिहावीत, हेही ठरत नाही, कारण 'तुम्हीच सांगा की' मधला 'की' इंग्रजीत कसा न्यावा हे मला सुचलेले नाही.

मुखपृष्ठासाठी सध्या ही ओळ लिहिली आहे: 'अडीच किलो दाणे, एक लिटर तेल. भाव असा का, ते खाली मांडले आहे.' अशी कामे केलेल्यांनी ती निःसंकोच तपासावी. पहिल्याच ओळीत भावाचा विषय काढणे चुकीचे आहे का, हे मला विशेष करून जाणून घ्यायचे आहे.