प्रश्न पिढीचा की पावसाचा?
कागदी पुस्तक बरं की ई-रीडर (पुस्तकं वाचायचं यंत्र), या चर्चेत ज्येष्ठांना कागदच हवा, ई-रीडर हे पोरांचं खूळ, असं दोघा-तिघांनी लिहिलंय. आमच्या दापोलीकडच्या घरात नेमकं उलटं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नाना किंडल या ई-रीडरवर अक्षर मोठं करून वाचतात आणि कॉलेजातली पुतणी कागदी पुस्तकासाठी हटून बसते. दिवसभर मोबाइल बघून डोळे शिणतात, म्हणे. ई-रीडरचा ई-इंक पडदा, म्हणजे कागदावरच्या शाईसारखा दिसणारा, मोबाइलसारखा मागून उजळत नाही, हे तिला कोण समजावणार!

पण कोकणातल्या हवेचा विचार इथे कुणीच केलेला नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कपाट भिंतीला टेकलेलं राहिलं की पुस्तकांच्या कडांवर हिरवट बुरशी, बांधणीतल्या खळीवर कसर, आणि वाळवी लागली तर वरून पुठ्ठा धड, उघडावं तर आत नुसती माती. पाऊस सरला की पुस्तकं ओटीवर उभी करून, पानं मोकळी करून उन्हं दाखवावी लागतात. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हाही ई-रीडर चालला, कारण त्याच्या पडद्याला वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना.

अडतं ते जुन्या मराठी पुस्तकांपाशी. त्यांच्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटोच, त्यामुळे नुसतं अक्षर मोठं करता येत नाही, सहा इंची पडद्यावर अख्खं पान इकडून तिकडे सरकवत बसायचं. तसली पुस्तकं नाना अजून वाचनालयातूनच मागवतात, भिंग घेऊन.