एकट्याने वाजवलेलं ब्लूग्रास, ब्लूग्रास असतं का?

खर्जातला: अमेरिकन गायक-वादक जॉन हार्टफर्डचा 'मार्क ट्वँग' (१९७६) हा अल्बम या आठवड्यात तीनदा ऐकला. गाणं, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार सगळं त्याचंच. तालाला माइक लावलेली प्लायवूडची फळी आणि तिच्यावर त्याचेच पाय. (बँजो म्हणजे मिरवणुकीतला बेंजो नव्हे, पाच तारांचा.) माणूस थोर, पण याला ब्लूग्रास, म्हणजे ते अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं तारवाद्यांचं संगीत, म्हणू नका. बिल मन्रोने १९४५ च्या सुमारास जो बाज बसवला तो पाच जणांचा. मँडोलिनचं झालं की बँजो पुढे येणार, मग फिडल. ती चढाओढच काढली तर उरलं काय?

जुनी तबकडी: उरला हात! मन्रोच्या ताफ्यातल्या बँजोवाल्या अर्ल स्क्रग्जची तीन बोटांची पद्धत ऐकूनच हार्टफर्ड घडला. आणि ते उन्हात ठेवलेल्या रेकॉर्डचं गाणं ऐकलंस ना? वाकड्या झालेल्या तबकडीसारखा सूर हेलकावत गातो. मागे चार जण असते तर त्यांनी कुणाच्या सुरात वाजवायचं?

खर्जातला: ती गंमत झाली. १९७७ ला ग्रॅमी मिळालं तेही 'एथनिक किंवा पारंपरिक' विभागात, ब्लूग्रासमध्ये नाही.

जुनी तबकडी: अरे, ब्लूग्रासचा वेगळा विभाग तेव्हा होता कुठे? तो आला १९८९ ला.

चिपळ्या: आमच्याकडे वासुदेव एकटाच गातो, वाजवतो, नाचतो. त्याला कुणी विचारत नाही बाकीचे कुठे गेले.

खर्जातला: वासुदेव मुळातच एकटा, हो. ब्लूग्रास मुळात एकट्याचं नाही. ओढूनताणून कशाला?

तळमजला: वाद घालण्याआधी फळीवर पाय आपटत बँजो वाजवून बघा. मी बघितलं. दोन मिनिटांत हात पुढे पळाले, पाय मागे राहिले आणि खालच्या काकू वर आल्या. दुसरं म्हणजे, अल्बमच्या नावातला श्लेष बघा. 'मार्क ट्वेन' ही मिसिसिपीवरच्या बोटींची हाळी: दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी आहे. ट्वँग म्हणजे तारेचा टणत्कार. खुद्द हार्टफर्डकडे स्टीमबोट चालवायचा परवाना होता. यातली कितीतरी गाणी नदीवरची, बोटीवर राबणाऱ्यांची. तिथे पाच जणांचा ताफा मला तरी खटकला असता.

खर्जातला: नदीचं पटलं. पायांचंही पटलं, काकूंना नमस्कार सांग. पण ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे, मँडोलिनचा तो कोरडा 'चॉप' (तारा दाबून मारलेला तुटक फटका) पडतो ना, त्याची जागा मला प्रत्येक गाण्यात रिकामीच ऐकू येते.