शरीरसौष्ठवानंतर ग्रॅपलिंग: ताकद असूनही दम का टिकत नाही?

प्रश्न: सहा वर्षे वजनी व्यायाम केल्यानंतर मी ग्रॅपलिंग (ठोसे-लाथांविना, पकडी आणि डावांनी खेळली जाणारी कुस्तीसारखी झुंज) शिकू लागलो आहे, परंतु माझ्यापेक्षा २० किलोंनी हलका सहकारीही मला सहज दाबून ठेवतो आणि दोन मिनिटांतच माझ्या हातांतील त्राण संपते. असे का होते?

उत्तर १: आपण प्रत्येक पकड पूर्ण ताकदीनिशी आवळत असणार. स्नायू सतत ताणलेला राहिला की त्यातील रक्तप्रवाह दबतो, म्हणून कोपराखालचा हात प्रथम थकतो.

उत्तर २: सहमत, मात्र खरी उणीव बहुधा कमरेच्या हालचालीत असते. खाली सापडल्यावर समोरच्याला छातीच्या जोरावर वर ढकलू नका, कारण सरळ झालेला हात म्हणजे आर्मबारला (कोपर उलट दिशेने ताणण्याच्या डावाला) आमंत्रणच. कुशीवर वळून कंबर मागे सरकवा आणि मोकळ्या झालेल्या जागेत गुडघा घाला.

उत्तर ३: आणि डावात अडकल्यावर हार मानल्याची खूण म्हणून समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने वेळीच थोपटा. मी अभिमानापायी उशीर केला आणि कोपर महिनाभर दुखले.