किचन आयलंडवरची चिमणी : 60 की 90 सेंमी?

ताई, शेगडी 60 सेंमीची, मग आयलंडवर, म्हणजे स्वयंपाकघरात मधोमध असलेल्या सुट्या ओट्यावर, धूर ओढणारी चिमणीही 60ची पुरेल का, असं विचारलंयत. भिंतीला लागून असती तर चाललं असतं. आयलंडला मागे भिंत नाही, धूर चारी बाजूंनी निसटतो, 90चीच घ्या. आमच्या ऐरोलीच्या घरी खरा खर्च धूर बाहेर नेणाऱ्या पाइपने काढला. मध्ये बीम आडवा, फॉल्स सीलिंगमधून दोन वळणं! प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, तेव्हा खोक्यावरच्या ओढीच्या आकड्याला भुलू नका. पाइप 6 इंचीच ठेवा. बिनपाइपची, कार्बन फिल्टरवाली स्वस्तात बसते, पण वाफ घरातच, आणि सुक्या बोंबलाचा वास पडद्यांत मुक्कामाला. बजेट फारच ताणलेलं असेल तर शेगडी भिंतीकडे न्या, आयलंडवर भाजी चिरा.