कायदा आहे, पण दुसऱ्याच नावाखाली

‘भारतात स्वच्छ ऊर्जेचा राष्ट्रीय कायदाच नाही, सगळं घोषणांवर चाललंय’ असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. स्वतंत्र कायदा नाही, हे खरं. २०१५ मध्ये केंद्राने अक्षय ऊर्जा (सौर, पवन वगैरे) कायद्याचा मसुदा काढला होता, तो मसुदाच राहिला. पण २००३ च्या वीज कायद्यातच सोय आहे: वितरण कंपनीने किती टक्के वीज अक्षय स्रोतांकडून घ्यायची, ते राज्य वीज नियामक आयोगाने ठरवायचं. गोम अशी की राज्ये हे प्रमाण आपापल्या सोयीने ठेवायची आणि ते पाळलं नाही तरी बऱ्याचदा ‘पुढच्या वर्षी भरून काढा’ म्हणून सोडून द्यायची. २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे प्रमाण ठरवण्याचा थेट अधिकार केंद्राला मिळाला. त्यानुसार २०२४-२५ साठी २९.९१ टक्के, तर २०२९-३० साठी ४३.३३ टक्के हे प्रमाण ठरलंय आणि दंडाची तरतूदही आहे. मोठे कारखानेही यात आले. कार्बन क्रेडिटच्या (कार्बन उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) बाजाराला कायदेशीर आधार मिळाला तो याच दुरुस्तीतून.

आता खालचं वास्तव. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल चार दिवसांत बसली, पण नेट मीटर (ग्रिडला म्हणजे वीजजाळ्याला दिलेली आणि त्यातून घेतलेली वीज मोजणारं मीटर) यायला पाच महिने लागले. तोवर वीज फुकट ग्रिडला! २०२४ च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचे आहेत. आमचा प्रकल्प त्याहून मोठा, म्हणून आम्ही रांगेतच.