शब्दचर्चा: कर्नल मॉड्यूलचं 'नाव' म्हणजे नेमकं कुठलं?

सावंतवाडीहून:
लिनक्सच्या नोट्स मराठीत लिहितोय आणि एका साध्या शब्दावर अडलोय. कर्नल म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग, आणि मॉड्यूल म्हणजे त्याला हवा तेव्हा जोडायचा तुकडा. डिस्कवर फाईल आहे यूएसबी-स्टोरेज.केओ, मधे हायफन, पण एलएसमॉड (चढवलेल्या मॉड्यूलांची यादी दाखवणारी कमांड) मारलं की तेच यूएसबी_स्टोरेज दिसतं. काल अर्धा तास फाईल शोधायची फाईंड कमांड मारत बसलो, काय सापडेल तर शपथ, कारण मी अंडरस्कोर टाकून शोधत होतो. आता 'मॉड्यूलचं नाव' असं लिहिलं तर वाचणाऱ्याने कुठलं समजायचं?

वेंगुर्ल्याहून:
ह्या काय नवीन नाय. आमच्या वाडीत दाखल्यावर एक नाव, हाकेक दुसरा. पोस्टमन दाखल्यावरच्या नावान इलो तर शेजारीपण घर दाखवचे नाय.

रत्नागिरीहून:
वरचा दाखला चपखल आहे, फक्त उलटा लावा. कर्नलच्या लेखी खरं नाव अंडरस्कोरवालंच, कारण बिल्ड होताना, म्हणजे सोर्स कोडवरून मॉड्यूल तयार होताना, ते नाव सी भाषेत आयडेंटिफायर (कोडमधलं नाव) म्हणून वापरतात आणि तिथे हायफन म्हणजे वजाबाकी, म्हणून केबिल्ड, कर्नलची बिल्ड यंत्रणा, हायफनचा अंडरस्कोर करून टाकतं. फाईलला मात्र लिहिणाऱ्याने जे ठेवलं ते, एनएफ_कॉनट्रॅक.केओ मुळातच अंडरस्कोरने आहे. नावावरून मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबला दोन्ही चालतं, तो ओळखीचा माणूस. थेट फाईल चढवणाऱ्या इन्समॉडला फाईलचा पत्ताच लागतो, तिथे चूक चालत नाही. म्हणून 'मॉड्यूलनाम' आणि 'फाईलनाम' असे दोन शब्द ठेवा, नुसतं 'नाव' नको.

सावंतवाडीहून:
पटलं. आणि कर्नलला 'गाभा' लिहू का?

रत्नागिरीहून:
गाभा पुस्तकी वाटतो. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात कर्नल म्हणजे सरळ काजूगर, डब्ल्यू ३२० प्रत म्हटलं की पौंडाला ३०० ते ३२० गर. पण 'गराचं मॉड्यूल' लिहिलंत तर लोक सोलायला घेतील, तेव्हा कर्नलच राहू दे. हायफनला संयोगचिन्ह आहेच, अंडरस्कोरला अंडरस्कोरच बरं, अधोरेषा म्हटलं की शब्दाखाली ओढलेली रेघ वाटते.

वेंगुर्ल्याहून:
आणि एक्सटी_डीएससीपी? तां कॅपिटलात पण आसा आणि स्मॉलात पण.

रत्नागिरीहून:
हो, ती तर दोन वेगळी मॉड्यूलं, कॅपिटलवालं नेटवर्कच्या पॅकेटवरची डीएससीपी ही प्राधान्याची खूण बदलतं, स्मॉलवालं फक्त खूण बघतं. ज्या डिस्कला लहानमोठं अक्षर कळत नाही तिथे कर्नलचा सोर्स कोड उतरवला की एक फाईल दुसरीवर बसते. आणि ही दोन देवनागरीत लिहिली की एकच दिसतात, सावंतवाडीकर, आता याचं काय करताय?